491 वा थेंब

प्रश्न : सर, सप्रेम सलाम. मी नवापूर तालुक्यातल्या आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग घेते. मुले 35, पहिली ते आठवी. मे महिन्यात दहा दिवस सुट्टीतली बायबल शाळा असते. यंदाचा विषय क्षमा. मोबाइलवर मी काही प्रयोग पाहिले. एकात ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड टाकतात आणि साबणाचे बोट लावले की ती पळते. दुसऱ्यात आयोडीनच्या काळपट पाण्यात ब्लीच ओतून ते पांढरे करतात. मुलांना हे फार आवडेल. पण मंडळीतले एक वडील, म्हणजे ज्येष्ठ सभासद, म्हणाले, "पवित्र शास्त्र शिकवायचे की जादूचे खेळ दाखवायचे?" मला उत्तर सुचले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गात दोन चुलतभाऊ आहेत, एक सहावीत, एक चौथीत. मोठ्याने दगड मारून धाकट्याचे कोंबडीचे पिल्लू मारले. मी दोघांना सगळ्यांसमोर उभे करून 'सॉरी' म्हणायला आणि हात मिळवायला लावले. बाहेर पडल्याबरोबर पुन्हा मारामारी. त्यांच्या वडिलांचा शेताच्या बांधावरून वाद आहे, तीन वर्षे बोलणे नाही. क्षमेची वचने दोघांनाही तोंडपाठ आहेत. काय करू?
एक शिक्षिका, नवापूर तालुका

उत्तर :

ताई, सप्रेम सलाम.

आधी मंडळीतल्या त्या वडिलांचे घेऊ, कारण त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्या भाषेत बायबललाही शास्त्र म्हणतात आणि प्रयोगशाळेत चालते त्यालाही शास्त्रच. मी धुळे जिल्ह्यात 31 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि रविवारी सकाळी मंडळीत मुलांचा वर्ग घेतला. दोन्हीकडे एकच नेम पाळायचा प्रयत्न केला, मुलांशी खोटे बोलायचे नाही. जादूगार काय घडले ते लपवतो, शिक्षकाला ते उघडे करून दाखवावे लागते. प्रयोग झाल्यावर हे असे का झाले ते तुम्ही सांगितलेत, आणि क्षमा या प्रयोगासारखी कुठवर आहे, कुठून पुढे नाही, तेही सांगितलेत, तर तो खेळ राहत नाही. न सांगता टाळ्या घेऊन पुढे गेलात, तर मात्र वडिलांचे म्हणणे खरे ठरेल. प्रभू येशूनेही खमीर, मोहरीचा दाणा, मीठ, दिवा अशी घरातलीच साधने घेतली होती. त्या वडिलांना वर्गात बोलवा. पुढे ज्वारीचा एक हिशेब सांगणार आहे, तो त्यांच्याच हातून करून घ्या.

आता मिरपूड. हा प्रयोग क्षमेसाठी करू नका. मी केला आहे, म्हणून सांगतो.

बरीच वर्षे झाली. स्टीलच्या ताटात पाणी घेतले, वर मिरपूड भुरभुरली आणि मुलांना सांगितले की ही आपली पापे. बोटाला साबण लावून मधोमध टेकवले. मिरपूड सपकन काठाला गेली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढचे वचन सांगायला वळलो, तेवढ्यात चौथीतला एक मुलगा उठून ताटाशी आला. त्याने माझ्यासारखेच बोट साबणात बुडवले आणि पाण्यात घातले. काहीच झाले नाही. पुन्हा घातले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, आते का बरं पयत नहीं?" मी त्याला पृष्ठताण समजावला. पाण्याच्या पृष्ठभागावर ताणलेल्या पडद्यासारखे बळ असते. पहिल्या साबणानेच ते मधोमध कमी होते, कडेचे पाणी मिरपुडीला ओढून नेते. एकदा साबण सगळीकडे पसरला की दुसऱ्यांदा ओढायला जोर उरत नाही. त्याला ते पटले. पण तो ताटाच्या काठाकडे बघतच राहिला, आणि हळूच म्हणाला, "मंग पाप ताटमाच शे ना, सर?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या मुलाने बरोबर पाहिले होते. मी न कळत दोन गोष्टी शिकवून बसलो होतो. एक, क्षमा एकदाच लागू पडते. दोन, पाप जात नाही, नुसते कडेला सरकते. पवित्र शास्त्र या दोन्हींच्या उलट बोलते. मिरपूड आणि साबण हा पृष्ठताण शिकवायचा उत्तम प्रयोग आहे, त्याला तिथेच राहू द्या.

ब्लीचचा प्रयोग तर वर्गात आणूच नका. ब्लीचमध्ये चुकून आम्ल पडले, म्हणजे व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे द्रावण, तर क्लोरीन वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि छातीला इजा करतो. बंद खोलीत 35 मुले असताना ही जोखीम घ्यायची काही गरज नाही. तोच रंग घालवणारी, मुले चघळतात ती साधी 'क' जीवनसत्त्वाची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. तिच्यावरच मी आता सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या दहा दिवसांचा कणा हाच प्रयोग व्हावा.

सामान असे. जखमेवर लावायचे पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे लोक ज्याला सरसकट बीटाडीन म्हणतात ते, 5 टक्क्यांचे. 'क' जीवनसत्त्वाची 500 मिलिग्रॅमची एक गोळी. एक लिंबू. भाताची पेज, गार झालेली. तुमच्याकडे घरोघरी भात शिजतो, पेजेची अडचण येणार नाही. लोणच्याची काचेची बरणी, एक काचेचा पेला, आणि सुई नसलेली नवी सिरिंज किंवा ड्रॉपर.

मत्तयाचा 18 वा अध्याय उघडा. पेत्र हा शिष्य येशूला विचारतो, भावाने माझा अपराध केला तर मी त्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का? पेत्र कंजूष माणूस नव्हता, सात वेळा म्हणजे खूपच झाले. घरात एकाच भावाने आपले सात वेळा काही मोडले आणि आपण सातही वेळा सोडून दिले, असे करून दाखवा म्हणावे. मुलांना आधी हे पटू द्या. घाईने पेत्राला लहान करू नका.

मग पेला घ्या. अर्धा पेला पाणी, त्यात गाळलेल्या लिंबाच्या रसाचा एक चहाचा चमचा आणि पेजेचा एक चमचा. एकेक थेंब आयोडीन टाका, दर थेंबाला ढवळा. थेंब पडतो तिथे पाणी क्षणभर निळे-काळे होते आणि ढवळताच निवळते. मुले मोठ्याने मोजू देत. आठ, नऊ, दहा... साधारण दहाएक थेंबांच्या आसपास असा एक थेंब येतो की निळा रंग जातच नाही. लिंबू किती ताजे, किती रसाळ, त्यावर आकडा थोडा मागेपुढे होईल, म्हणून आदल्या रात्री घरी करून बघा. पेजेतल्या पिष्टाला आयोडीन भेटले की निळा रंग येतो. लिंबातले 'क' जीवनसत्त्व त्या आयोडीनचे रूपांतर आयोडाइडमध्ये करते, आणि आयोडाइड पिष्टाला रंग देत नाही. पण दर थेंबामागे ते जीवनसत्त्व थोडे थोडे खर्ची पडते. संपले की निळे. पेला आहे तसाच खिडकीत ठेवा. पेत्राचा पेला म्हणा त्याला.

आता येशूचे उत्तर वाचा : सात वेळा नव्हे, साताच्या सत्तर वेळा. फळ्यावर गुणाकार मांडा. 490.

बरणीत लिटरभर पाणी घ्या. गोळी कुटून त्यात विरघळवा आणि तलम फडक्यातून गाळा, नाहीतर गोळीतला चोथा पाणी गढूळ करतो. गोळीचा स्वतःचा फिका नारिंगी रंग पाण्याला येतो, तोही मुलांना आधीच सांगून टाका, लपवू नका. दोन चमचे पेज घाला. आता तुमच्या पत्रातला आकडा वाचून मला मनापासून आनंद झाला. तुमची मुले 35. प्रत्येकाने 14 थेंब टाकायचे. 35 गुणिले 14 म्हणजे बरोबर 490.

रांगेने येऊ द्या. घाई करू नका, हा अर्धा-पाऊण तासाचा प्रयोग आहे आणि त्याचा जीव त्या संथपणातच आहे. प्रत्येक मुलाला सांगा, थेंब टाकताना तुझे कोणी काय केले ते मनातल्या मनात आठव. कोणाला सांगायचे नाही, कोणी विचारायचे नाही. बरणी दर थेंबाला निळी होईल आणि दर थेंबाला निवळेल. शेजारी पेत्राचा काळानिळा पेला आहेच.

बरणी पुरेल का, ही धाकधूक तुम्हाला वाटेल. पुरते. 5 टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला सुमारे 5 मिलिग्रॅम आयोडीन असते. साधारण 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर 490 थेंब म्हणजे 25 मिलिलिटरच्या आत-बाहेर, म्हणजे आयोडीन सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास. 500 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व 700 मिलिग्रॅमहून जास्त आयोडीन निवळवू शकते. म्हणजे 490 थेंब झाले तरी गोळीचा मोठा हिस्सा शिल्लकच असतो. सातवी-आठवीच्या मुलांकडून हा हिशेब फळ्यावर करून घ्या. नंतर शाळेत रसायनशास्त्र शिकताना त्यांना ही बरणी आठवेल.

490 झाले की वर्गातला एखादा हुशार हमखास म्हणेल, "म्हणजे 491 व्या वेळी मारायला हरकत नाही ना?" त्याला दटावू नका. त्याचीच वाट बघत राहा. त्याच्या हातात ड्रॉपर द्या आणि म्हणा, टाक 491 वा. बरणी निवळेल. आणखी एक टाक म्हणा. निवळेल. येशूला आकडा मोजायचा नव्हता, मोजणे बंद करायचे होते, हे तुम्हाला वेगळे सांगावे लागणार नाही. मोठ्या मुलांना हवे तर उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला लामेख सांगा. तो आपल्या बायकांना बढाईने सांगतो की माझा सूड सत्त्याहत्तर पट घेतला जाईल. येशूचे शब्द काही भाषांतरांत 'सत्त्याहत्तर वेळा' असेच आले आहेत. सुडाचा आकडा येशूने उचलला आणि क्षमेला लावला.

आता हा प्रयोग कुठे थांबतो ते सांगायचे. ते मुलांसमोर सांगितल्याशिवाय वर्ग सोडू नका.

आयोडीन बरणीतून गेलेले नाही. ते तिथेच आहे, आयोडाइड होऊन. म्हणून 'क्षमा केली म्हणजे विसरलो' असे मुलांना शिकवू नका. योसेफ भावांना विसरला नव्हता. उत्पत्तीच्या 45 व्या अध्यायात तो त्यांना तोंडावर सांगतो, मी तुमचा भाऊ योसेफ, ज्याला तुम्ही विकले तोच. आठवण राहते, तिचा डाग होत नाही. आणि भावांच्या मनातली भीती बघा : त्यांचा बाप याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) योसेफाजवळ 17 वर्षे जगला, आणि तो वारल्याबरोबर भावांना वाटले, आता योसेफ सूड घेणार. त्यांना 17 वर्षे क्षमा मिळालेलीच होती, पण त्यांना ती खरी वाटली नव्हती. योसेफ रडला तो हे ऐकून. ही गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा 17 या आकड्यावर थोडे थांबा.

दुसरे, गोळी खर्ची पडते. बरणी फुकट निवळत नाही. बरणी निवळी राहावी म्हणून तिच्यातले काहीतरी दर थेंबाला संपत जाते. क्षमा म्हणजे 'काही झालेच नाही' असे म्हणणे नाही, झालेले कोणीतरी स्वतःवर घेणे आहे. वधस्तंभाची गोष्ट इथून सांगितली तर ती मुलांच्या हाताला लागते. मी अनेक वर्षे वधस्तंभ शिकवला, पण 'कोणीतरी खर्ची पडले' हे शब्द मला या बरणीपाशीच सापडले. गोळीही शेवटी संपते, तीनेक हजार थेंबांच्या आसपास. देवाची क्षमा संपत नाही, तिथे बरणीची उपमा सोडून द्यायची.

तिसरे, गोळीला दुखत नाही. तिला निवडही नाही, आयोडीन पडले की ती निवळवणारच. तुमच्या चौथीतल्या मुलाला दुखते, आणि त्याला नाही म्हणता येते. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

प्रयोग झाला की बरणी मोरीत ओतून नळ सोडा. पेला-बरणी पुन्हा पिण्या-खाण्याला वापरण्याआधी नीट घासा. आयोडीन तोंडात जाऊ देऊ नका, आणि कोणाला आयोडीनची ॲलर्जी आहे का ते आईबापांना आधी विचारून घ्या. कपड्यावर थेंब पडलाच तर शेजारीच लिंबू आहे.

मत्तयाच्या त्याच 18 व्या अध्यायात पुढे एका निर्दय चाकराचा दाखला आहे. राजाने त्याला दहा हजार तालान्त माफ केले आणि त्याने सोबत्याला शंभर दिनारांसाठी नरडीला धरले. तालान्त आणि दिनार हे शब्द मुलांच्या कानावरून जातात. इथे ज्वारी घ्या आणि ते वडील घ्या. दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी, मत्तयाच्या 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तीच ठरली होती. एक तालान्त म्हणजे सुमारे 6000 दिनार. एका दिवसाच्या मजुरीला ज्वारीचा एक दाणा धरा. मुलांना शंभर दाणे मोजून वाटीत ठेवायला सांगा. हे सोबत्याचे कर्ज. वजन साधारण 3 ग्रॅम, चिमणीचेही पोट भरायचे नाही. आता चाकराचे कर्ज : 10,000 गुणिले 6000, म्हणजे 6 कोटी दाणे. हजार दाणे 30 ग्रॅम धरले तर किती होतात, हे वडिलांना विचारा. ते मनातल्या मनात करतील. 18 क्विंटल. ज्याने आयुष्यभर ज्वारी पेरली, कापली, पोत्यात भरली, त्याच्या तोंडून वर्गात 'अठरा क्विंटल' हा शब्द येऊ द्या आणि त्याच वेळी ती शंभर दाण्यांची वाटी एखाद्या मुलाच्या तळहातावर ठेवा. मी सांगितले असते तर तो गुणाकार राहिला असता. त्यांनी सांगितले की मुलांना ट्रॉली दिसते.

लहानग्यांसाठी, पहिली-दुसरीच्या, हळद पुरे. पांढऱ्या सुती फडक्यावर हळदीच्या पाण्याचा मोठा डाग पाडा. अर्ध्या डागावर जाड पुठ्ठा टाचून फडके उन्हात वाळत घाला. आपले मे महिन्याचे ऊन काय असते ते तुम्हाला सांगायला नको. दोन-तीन दिवसांत उघडा भाग फिकट होत जातो आणि पुठ्ठा काढला की झाकलेला भाग तसाच पिवळाधमक. हळदीतला रंग उजेडात तुटतो, म्हणून आपल्या आया वरणाचे डाग पडलेले कपडे उन्हात टाकतात. 32 व्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे झिजली. झाकलेले तसेच राहते, उघडे केलेले फिके पडते. पाप कबूल करणे म्हणजे काय हे सहा वर्षांच्या मुलाला याहून सोपे सांगता येईल असे मला वाटत नाही. फडके मुलांनाच रोज बघायला लावा.

आता ते दोन भाऊ.

ताई, तुम्ही चांगल्या मनानेच केलेत, पण सर्वांसमोर हात मिळवायला लावणे चुकले असे मला वाटते. ते स्पष्ट सांगतो, कारण तुम्ही खरे उत्तर मागितले आहे. धाकट्याचे पिल्लू मेले. त्याने ते वाढवले असेल, त्याला हाक मारत असेल, अंगणात त्याच्यामागे पळत असेल. त्याचे दुःख कोणी विचारायच्या आधी त्याला क्षमा करायला सांगितले गेले. मोठ्याचीही गोष्ट तशीच. 'सॉरी' या एका शब्दात त्याची सुटका झाली, त्याला काहीच भरून द्यावे लागले नाही. दोघांनाही आत कुठे तरी कळले की हे खोटे आहे. म्हणून बाहेर पडताच मारामारी झाली.

योसेफाला कोणी घाई केली नव्हती. भाऊ धान्य घ्यायला आले तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. तो बाजूला जाऊन रडला, परत आला. दुसऱ्या खेपेलाही उठून आत जाऊन रडला, तोंड धुऊन बाहेर आला. मग कुठे तो बोलला. चौथीतल्या मुलाला तेवढी मुभा द्या. त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि पिल्लाबद्दल विचारा. रंग कोणता होता, कोणत्या कोंबडीचे, किती दिवसांचे. तो रडला तर रडू द्या. त्या दिवशी क्षमा हा शब्द काढू नका.

मोठ्याला दुसऱ्या दिवशी एकट्याला घ्या आणि जकातदार जक्कयाची गोष्ट सांगा. येशू त्याच्या घरी आल्यावर जक्कय नुसता 'चुकलो' म्हणून थांबला नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो म्हणाला. पिल्लाला चौपट नको, एक पिल्लू पुरे. पण ते तुम्ही विकत आणून त्याच्या हातात द्यायचे नाही, आणि त्याने बाजारातून आणून लगेच भावाच्या हातात द्यायचे नाही. त्याने ते महिनाभर स्वतः सांभाळायचे. कण्या घालायच्या, रात्री टोपलीखाली झाकायचे, घार आणि मांजर यांच्यावर लक्ष ठेवायचे. दगड मारताना त्याला माहीत नव्हते की एक पिल्लू मोठे करायला काय लागते. आता ते त्याला कळेल. महिन्यानंतर द्यायचे की नाही हे त्याने ठरवायचे, आणि घ्यायचे की नाही हे धाकट्याने. धाकटा नाही म्हणाला तर त्याला बोलू नका. तो कदाचित पावसाळ्यात घेईल.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण क्षमेच्या वर्गात ती राहून जाते. एखादे मूल तुम्हाला येऊन सांगेल की मोठ्या माणसाने मला मारले, किंवा कोणी नको तिथे हात लावला. त्या मुलाला 'क्षमा कर' असे कधीही, कुठल्याही वचनाचा आधार घेऊन सांगायचे नाही. तिथे पहिले काम मुलाला सुरक्षित करणे. 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असली तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग तो माणूस मंडळीतला असो की घरातला. दहा दिवसांच्या पहिल्याच दिवशी मुलांना हे सोप्या शब्दांत सांगा, म्हणजे पुढे क्षमेबद्दल जे काही बोलाल ते कोणाच्या तोंडाला कुलूप होणार नाही.

बांधाचा वाद तुम्ही मुलांच्या हातून सोडवायला जाऊ नका. मुले घरातून निरोप नेऊ लागली की ती दोन्हीकडून भरडली जातात. पांढऱ्या गुलछडीचा किंवा शेवंतीचा दांडा निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवला की काही तासांत पाकळ्यांच्या शिरांत निळा रंग चढतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो प्रयोग मला फार आवडतो, पण या वर्गात करू नका असे सुचवेन. ती दोन्ही मुले लगेच समजतील की फूल म्हणजे आपण आणि पाणी म्हणजे आपला बाप. तो प्रयोग मोठ्यांच्या सभेत दाखवा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितले आहे. ते वचन त्या दोन बापांना समोर बसून सांगणे हे पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे काम आहे, आणि तुम्ही त्यांना तसे सांगायला अजिबात कचरू नका. मोजणीचा नकाशा, तलाठ्याकडची नोंद, जे काही लागेल ते बघून बांधाचा निकालही व्हायला हवा. नुसत्या प्रार्थनेवर तो सोडून देऊ नका. वादाचे मूळ जमिनीत असेल तर ते जमिनीवरच मिटवावे लागते.

थेंब टाकायच्या दिवशी त्या दोघांना रांगेत एकमेकांजवळ उभे करू नका. एक पुढे, एक बराच मागे. पण कोण किती थेंब टाकून झाले याची चिठ्ठी लिहायचे काम सहावीतल्याकडे द्या. म्हणजे धाकटा बरणीपाशी येईल तेव्हा मोठ्याला तिथे उभे राहून त्याचे चौदा थेंब मोजावे लागतील. बोलायची सक्ती नको. पेज मात्र पूर्ण गार झाल्यावरच घाला, गरम पेजेत निळा रंग नीट चढत नाही.